माउसच्या कर्सरवरून सूचना देणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरे प्रामुख्याने डेस्कटॉपसाठी ॲप तयार करणाऱ्यांसाठी लिहिली आहेत. पण ज्यांना दिवसभर संगणकासमोर बसावे लागते आणि आलेली सूचना वेळेवर न दिसल्याने ज्यांचे काम अडते, त्यांनाही यातील बराचसा भाग उपयोगी पडेल. ‘कर्सर’ हा शब्द येथे सर्वत्र माउसच्या बाणासाठी वापरला आहे. टाइप करताना लुकलुकणाऱ्या उभ्या रेघेलाही आपण कर्सरच म्हणतो, म्हणून तिचा उल्लेख जिथे येईल तिथे ‘टायपिंगची रेघ’ असे स्पष्ट लिहिले आहे.

कर्सरवरून सूचना देणे म्हणजे नेमके काय?

फाइल तयार झाली, निरोप आला, छपाई अडकली अशा गोष्टी ॲपला वापरणाऱ्याच्या कानावर घालायच्या असतात. एरवी त्यासाठी पडद्याच्या कोपऱ्यात पट्टी सरकत येते, टास्कबारवरचे चिन्ह लुकलुकते किंवा आवाज वाजतो. कर्सरवरून सूचना देणे म्हणजे हाच इशारा माउसच्या बाणालगत देणे: बाणाच्या शेपटीपाशी छोटा ठिपका उमटवणे, बाणाभोवती क्षणभर कडे दाखवणे किंवा बाणाचा रंग थोडा वेळ बदलणे. सूचनेचा मजकूर तिथे नसतो. काहीतरी आले आहे एवढेच कर्सर सांगतो. काय आले आहे ते नेहमीच्या जागी, म्हणजे सूचनांच्या यादीत, वाट पाहत राहते.

कोपऱ्यातली पट्टी असताना याची गरज काय?

पडदे मोठे झाले, हे याचे पहिले कारण आहे. २७ इंची रुंद पडदा साधारण ६० सेंटिमीटर रुंद असतो. त्याच्यासमोर ६० सेंटिमीटर अंतरावर बसून मध्यभागी पाहिले, तर उजवा खालचा कोपरा नजरेच्या रेषेपासून सुमारे ३० अंश दूर पडतो. डोळ्याला अगदी स्पष्ट दिसते ते क्षेत्र जेमतेम २ अंशांचे असते. हात लांब करून धरलेल्या अंगठ्याच्या नखाएवढे. त्या वर्तुळापासून दूर हालचाल जाणवते, पण बारीक अक्षरे वाचता येत नाहीत. आणि मन कामात गुंतलेले असेल तर ती हालचालही निसटते.

दुसरे कारण म्हणजे एकाहून अधिक पडदे. पट्टी बहुधा मुख्य पडद्यावरच येते आणि माणूस दुसऱ्यावर काम करत असतो. एका दिवाळी अंकाची पाने लावताना मी स्वतः हा अनुभव घेतला आहे. सगळ्या अंकाची पीडीएफ तयार करायला लावून मी मोठ्या पडद्यावर जाहिरातींची मुद्रिते तपासत बसलो. फाइल काही मिनिटांतच तयार झाली होती आणि तसे सांगणारी पट्टी डावीकडच्या लॅपटॉपवर येऊन निघूनही गेली होती. मी अर्धा तास वाट पाहिली आणि छापखान्यातला माणूस तिकडे माझी वाट पाहत राहिला. त्या अर्ध्या तासात माझा हात माउसवर होता आणि नजर पुन्हा पुन्हा बाणाकडे जात होती.

तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. ज्यांची दृष्टी अधू आहे ते पडदा मोठा करून पाहतात. भिंग चौपट केले की एका वेळी पडद्याचा फक्त सोळावा भाग दिसतो, आणि तो भाग सहसा कर्सरच्या मागे मागे सरकतो. कोपऱ्यातली पट्टी अशा माणसाच्या दृष्टीने अस्तित्वातच नसते. आमच्या परिचयाच्या एक निवृत्त शिक्षिका असेच काम करतात. प्रिंटरमधला कागद संपला असे संगणक त्यांना दर वेळी सांगत होता, पण ते सांगणे भिंगाच्या कक्षेबाहेर होत होते आणि बाईंची समजूत अशी झाली होती की प्रिंटर बिघडला आहे. त्यांच्यासाठी कर्सर हे पडद्यावरचे एकमेव ठिकाण होते, जिथे दिलेला इशारा त्यांना दिसण्याची खात्री होती.

ही कल्पना नवी आहे का?

नाही. कर्सर पहिल्यापासूनच जागा दाखवण्याबरोबर काही ना काही सांगत आला आहे. डग्लस एंगलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे माउसचे जाहीर प्रात्यक्षिक दाखवले. पुढे झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात १९७३ मध्ये तयार झालेल्या ‘आल्टो’ संगणकावर कर्सरला १६ गुणिले १६ ठिपक्यांची चौकट मिळाली. १९८४ च्या मॅकिंटॉशवर सुझन केर यांनी काढलेले मनगटी घड्याळ ‘थांबा, काम चालू आहे’ असे सांगू लागले. विंडोजवर हेच काम वाळूच्या घड्याळाने केले आणि २००७ मध्ये विंडोजची व्हिस्टा ही आवृत्ती बाजारात आल्यापासून ते फिरत्या कड्याकडे गेले.

आपल्या विषयाच्या दृष्टीने मात्र याहून जवळची दोन उदाहरणे आहेत. विंडोजमध्ये बाण आणि त्याच्याशेजारी छोटे कडे असा एक वेगळा कर्सर आहे. मागे काहीतरी चालू आहे, पण तुम्ही तुमचे काम करत राहू शकता, असा त्याचा अर्थ. लिनक्सवरच्या केडीई या डेस्कटॉपवर एखादे ॲप उघडायला सांगितले की त्या ॲपचे चिन्ह कर्सरजवळ टुणटुण उड्या मारते आणि खिडकी उघडली की नाहीसे होते. कर्सरचे मूळ काम न अडवता त्याच्या कडेला निरोप ठेवता येतो, हे या दोन्ही उदाहरणांनी वर्षानुवर्षे दाखवून दिले आहे. आपण करू पाहतो ते एवढेच की, ‘सुरू होत आहे’ या निरोपाशेजारी ‘झाले’ आणि ‘अडले’ हे दोन निरोप ठेवायचे.

टाइप करताना नजर कर्सरवर नसते. मग ही सूचना दिसणार कशी?

हा या विषयातला सर्वांत खरा आक्षेप आहे आणि त्याचे उत्तर टाळून केलेली कोणतीही रचना फसते. टाइप करणाऱ्याची नजर टायपिंगच्या रेघेवर असते. माउसचा बाण कुठेतरी कडेला पडलेला असतो. मॅकवर आणि विंडोजवरच्या काही ॲपमध्ये तर टाइप करू लागताच तो लपवलाही जातो. अशा वेळी त्याच्यावर ठिपका उमटवणे म्हणजे बंद घराच्या दारात चिठ्ठी टाकण्यासारखे आहे.

उपाय असा, की सूचना आली त्या क्षणी ती दाखवण्याचा हट्ट धरू नये. ती राखून ठेवावी आणि टाइप करून झाल्यावर माउस पहिल्यांदा हलेल तेव्हा दाखवावी. आपण स्वतःकडे बारकाईने पाहिले तर लक्षात येते की, हात कीबोर्डवरून माउसकडे गेला की डोळे आधी बाण शोधतात. बाण सापडल्याशिवाय हात पुढे काही करूच शकत नाही. नजर कर्सरवर असण्याची खात्री देणारा दिवसभरातला हाच एक क्षण आहे. शिवाय तो कामाच्या दोन तुकड्यांमधला सांधा असतो. वाक्य लिहून झालेले असते, पुढची कृती सुरू व्हायची असते, आणि अशा सांध्यावर आलेला व्यत्यय वाक्याच्या मधोमध आलेल्या व्यत्ययाइतका जाचत नाही.

व्यवहारात यासाठी शेवटची कळ दाबल्यापासून किती वेळ गेला आणि कर्सर आधीच्या जागेवरून सरकला का, एवढ्या दोनच गोष्टी पाहाव्या लागतात. कोणती कळ दाबली हे जाणून घेण्याची गरज नाही, आणि ते जाणून घेऊही नये.

कोणत्या सूचना कर्सरवर याव्यात आणि कोणत्या येऊ नयेत?

वापरणाऱ्याने स्वतः सुरू केलेल्या कामाचा निकाल कर्सरवर यावा. आपण पीडीएफ करायला लावली, मोठी फाइल पाठवली, व्हिडिओ रूपांतरित करायला टाकला. त्याचे काय झाले याची आपण वाटच पाहत असतो, त्यामुळे तो इशारा अडथळा वाटत नाही. ज्याच्यावाचून पुढचे पाऊल चुकेल असा इशाराही यावा: नेटवर्क तुटले आहे, डिस्क भरत आली आहे, लॅपटॉपची बॅटरी संपत आली आहे.

जाहिराती, सवलती, ‘आमच्या ॲपला तारे द्या’ अशा विनंत्या आणि नव्या सुविधांची ओळख यांना कर्सरवर मुळीच जागा देऊ नये. कर्सर हा पडद्यावर पोचलेला वापरणाऱ्याचा हात आहे, आणि कुणाच्या बोटाला न विचारता कागद चिकटवणे जसे गैर, तसेच हे आहे. म्हणूनच ही सोय मुळात बंद असावी, वापरणाऱ्याने ती हवी असे सांगून चालू करावी आणि ती बंद करण्याची जागा सेटिंगमध्ये पहिल्याच पानावर असावी, असे माझे ठाम मत आहे. संगणकावर ‘व्यत्यय नको’ हा पर्याय चालू असेल तर कर्सरनेही गप्प राहिले पाहिजे.

इशारा दिसायला कसा असावा?

लहान, एकरंगी आणि स्थिर. बाणाचे टोक वर डावीकडे असते, म्हणून ठिपका खाली उजवीकडे, शेपटीच्या बाजूला ठेवावा. टोकाच्या आसपास काहीही येऊ नये, कारण वापरणारा जिथे क्लिक करणार आहे ते तिथेच असते. नेहमीचा कर्सर ३२ गुणिले ३२ पिक्सेलच्या चौकटीत असतो आणि त्यातला बाण त्याहून बराच लहान दिसतो. त्याच्या मानाने ८ ते १० पिक्सेल व्यासाचा ठिपका पुरेसा होतो. ठिपक्याला बारीक पांढरी आणि तिच्या बाहेर बारीक गडद अशी दुहेरी कड दिली, तर तो पांढऱ्या कागदावर आणि काळ्या पार्श्वभूमीवर सारखाच उठून दिसतो. विंडोजवरचा नेहमीचा बाण पांढरा असून त्याला काळी कड असते ती याच कारणासाठी.

हळूच उमटणे आणि हळूच विरणे यासाठी सेकंदाचा पाचवा भाग ठेवावा आणि मध्ये तीन-चार सेकंद ठिपका तसाच राहू द्यावा. लुकलुकणे टाळावे. वेब-सुगम्यतेच्या डब्ल्यूसीएजी या मार्गदर्शक सूत्रांनुसार कोणतीही गोष्ट एका सेकंदात तीनपेक्षा जास्त वेळा चमकू नये, कारण त्याने काहींना अपस्माराचा झटका येऊ शकतो. आणि आपोआप सुरू होऊन पाच सेकंदांपेक्षा जास्त वेळ चालणारी हालचाल थांबवण्याची सोय असावी. ही सूत्रे वेबसाठी लिहिलेली असली तरी डोळे तेच असतात. वापरणाऱ्याने ऑपरेटिंग सिस्टिममध्ये ॲनिमेशन बंद केले असेल तर उमटणे-विरणेही वगळावे.

हॉटस्पॉट म्हणजे काय आणि त्याची एवढी काळजी का घ्यायची?

कर्सर हे चित्र असले तरी क्लिक होते ते त्या चित्रातल्या एकाच पिक्सेलवर. त्याला हॉटस्पॉट म्हणतात. बाणाचा हॉटस्पॉट त्याच्या टोकावर असतो, अधिक चिन्हासारख्या कर्सरचा मध्यभागी असतो. ठिपका बसवण्यासाठी चित्राची चौकट वाढवली आणि हॉटस्पॉट नव्या चौकटीच्या मध्यावर गेला, तर बाणाचे टोक एका ठिकाणी आणि क्लिक दुसरीकडे अशी अवस्था होते. विंडोजच्या हलत्या कर्सरच्या फाइलमध्ये प्रत्येक फ्रेम हा स्वतंत्र कर्सर असतो व प्रत्येकाचा हॉटस्पॉट वेगळा लिहिलेला असतो. त्यातला एक जरी चुकला तरी बाण जागच्या जागी थरथरल्यासारखा दिसतो. त्या फाइलमध्ये फ्रेमचा वेळ सेकंदाच्या साठाव्या भागात मोजतात, हेही ध्यानात ठेवावे.

विंडोजवर हे कसे करता येते?

दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग कर्सरच बदलण्याचा. आपल्या ॲपच्या खिडकीपुरता कर्सर बदलणे सोपे आहे, कारण बाण कोणत्या खिडकीवर आहे त्यानुसार ती खिडकी स्वतःचा कर्सर ठरवत असते. पण सूचना तर वापरणारा दुसऱ्या ॲपमध्ये असतानाच द्यायची असते. त्यासाठी ‘सेटसिस्टमकर्सर’ हे फंक्शन आहे. ते सगळ्या संगणकाचा कर्सर बदलते. इथेच अडचणी सुरू होतात. साधा बाण बदलला तरी माउस मजकुरावर नेला की दिसणारा उभा कर्सर (टायपिंगची रेघ नव्हे) आणि लिंकवरचा हात हे वेगळे कर्सर असल्यामुळे ते तसेच राहतात, म्हणून सगळे संच बदलावे लागतात. चित्रकलेची आणि पाने लावण्याची ॲप स्वतःचे कर्सर वापरतात, त्यांच्यावर याचा परिणामच होत नाही. वापरणाऱ्याने डोळ्यांच्या सोयीसाठी मोठा किंवा रंगीत बाण निवडला असेल तर आपण तो पुसून टाकतो. या फंक्शनला दिलेला कर्सर ते स्वतःच नष्ट करते, म्हणून मूळ कर्सर न देता त्याची प्रत द्यावी लागते. हे न वाचता लिहिलेला प्रोग्राम पहिल्यांदा नीट चालतो आणि दुसऱ्यांदा गडबडतो.

सर्वांत वाईट गोष्ट म्हणजे ठिपका लावलेल्या अवस्थेत आपला प्रोग्राम बंद पडला, तर तो ठिपका सगळ्या संगणकावर चिकटून राहतो. ‘सिस्टमपॅरामीटर्सइन्फो’ या फंक्शनला कर्सर पुन्हा भरायला सांगितले की वापरणाऱ्याने निवडलेला मूळ संच परत येतो. पण हे करायला प्रोग्राम जिवंत असावा लागतो. म्हणून सुरू होताना, आधीचे काही राहिले असो वा नसो, एकदा हे करून घ्यावे.

दुसरा मार्ग कर्सरला हात न लावता त्याच्या शेजारी एक लहानशी पारदर्शक खिडकी ठेवण्याचा. ही खिडकी सगळ्यांच्या वर असते, टास्कबारमध्ये दिसत नाही, टायपिंगचा ताबा स्वतःकडे घेत नाही आणि तिच्यावर पडलेले क्लिक खालच्या ॲपला जाऊ देते. या चारही गोष्टी खिडकी तयार करतानाच सांगता येतात. कर्सर कुठे आहे हे विचारत राहून ती त्याच्या मागे सरकवायची. मी हाच मार्ग सुचवतो. प्रोग्राम बंद पडला तर ही खिडकी त्याच्याबरोबरच जाते आणि वापरणाऱ्याचा बाण जसा होता तसा राहतो.

पारदर्शक खिडकी बाणाच्या मागे रेंगाळते. ते कसे टाळावे?

ते पूर्णपणे टाळता येत नाही. बाण बहुतेक वेळा ग्राफिक्स कार्ड स्वतंत्र थरावर काढते, तर आपली खिडकी इतर सगळ्या खिडक्यांबरोबर जुळवणीच्या रांगेतून पडद्यावर येते. ६० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणाऱ्या पडद्यावर एक फ्रेम म्हणजे सुमारे १७ मिलिसेकंद. बाण सेकंदाला १,००० पिक्सेल वेगाने जात असेल तर एका फ्रेमच्या उशिराने ठिपका १७ पिक्सेल मागे पडतो आणि डोळ्यांना तो तुटल्यासारखा दिसतो.

त्यामुळे ठिपक्याला बाणामागे धावायला लावू नये. माउस हलू लागला हे ध्यानात घ्यावे, बाण क्षणभर विसावेपर्यंत थांबावे आणि मग ठिपका उमटवावा. पुन्हा जोरात हालचाल झाली तर तो विरवून टाकावा. असे केल्याने प्रोसेसरवरचा भारही कमी होतो, कारण इशारा दाखवायचा नसेल तेव्हा कर्सरच्या जागेची सतत विचारपूस करण्याची गरज उरत नाही. लॅपटॉप बॅटरीवर चालू असताना हे महत्त्वाचे ठरते.

दोन पडद्यांवर वेगवेगळे मोठेपण ठेवलेले असेल, उदाहरणार्थ एकावर १०० टक्के आणि दुसऱ्यावर १५० टक्के, तर एका पडद्यावर नेमका बसणारा ठिपका दुसऱ्यावर बाणाच्या अंगावर चढतो. प्रत्येक पडद्याचे प्रमाण स्वतंत्रपणे ओळखणारे ॲप लिहिणे हाच त्यावर उपाय आहे.

मॅकवर काय परिस्थिती आहे?

मॅकओएसमध्ये एखाद्या ॲपने दुसऱ्या ॲपवरचा कर्सर बदलावा यासाठी खुला मार्ग ठेवलेला नाही, त्यामुळे पारदर्शक खिडकीचाच मार्ग उरतो. ती माउसचे क्लिक दुर्लक्षित करणारी आणि सर्व डेस्कटॉपवर दिसणारी असावी. २०१५ च्या एल कॅपिटन या आवृत्तीपासून माउस भराभर हलवला की बाण मोठा होतो. तसे होत असताना आपला ठिपका मध्ये येऊ नये, कारण वापरणारा तेव्हा बाणच शोधत असतो.

लिनक्सवर?

हे डेस्कटॉप कोणत्या पद्धतीने पडदा रंगवतो यावर अवलंबून आहे. जुन्या एक्स-११ पद्धतीत कर्सरची जागा कोणताही प्रोग्राम विचारू शकतो, त्यामुळे विंडोजसारखीच रचना चालते. नव्या वेलँड पद्धतीत मात्र बाण आपल्या खिडकीवर असेल तरच ॲपला त्याची जागा कळते आणि तेवढ्यापुरताच त्याला कर्सर ठरवता येतो. खिडक्याही हव्या तिथे नेऊन ठेवता येत नाहीत. ही बंधने सुरक्षिततेसाठी विचारपूर्वक घातलेली आहेत, आणि पळवाटा शोधण्यापेक्षा हे काम डेस्कटॉपच्याच विस्तारातून, म्हणजे ग्नोम या डेस्कटॉपच्या एक्स्टेन्शनमधून किंवा केडीईच्या खिडक्या सांभाळणाऱ्या क्विन या भागातून करणे योग्य ठरते.

दुसऱ्या ॲपच्या सूचनाही अशा दाखवता येतील का?

विंडोज १० च्या २०१६ मधील ॲनिव्हर्सरी अपडेटपासून, वापरणाऱ्याने परवानगी दिल्यास एखादे ॲप इतर ॲपच्या सूचना वाचू शकते. लिनक्सवर सूचना डी-बस या सामाईक वाहिनीवरून जातात आणि त्यांच्यासोबत निकड सांगणारा आकडा येतो: ० म्हणजे सावकाश, १ म्हणजे नेहमीची, २ म्हणजे तातडीची. कर्सरवर काय दाखवावे हे ठरवायला हा आकडा चांगला आधार आहे. मॅकवर यासाठी खुला मार्ग नाही. जिथे मार्ग आहे तिथेही सूचना आली एवढेच नोंदवावे; तिचा मजकूर साठवू नये.

ठिपक्याऐवजी सूचनांची संख्या किंवा दोन शब्द लिहिले तर अधिक उपयोगी होणार नाही का?

मराठीत तर मुळीच नाही. देवनागरी अक्षराला तीन मजले असतात: शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा आणि रफार, मध्ये मूळ अक्षर आणि खाली उकार. रोमन लिपीतला शब्द जेवढ्या उंचीत कसाबसा वाचता येतो, तेवढ्या उंचीत ‘पूर्ण’ हा चार चिन्हांचा शब्द बसवला तर दीर्घ ऊकार आणि रफार दोन्ही नुसते डाग होतात. अंकांचीही तीच गत आहे. दहा पिक्सेलच्या वर्तुळात १ आणि ९ वेगळे ओळखू येत नाहीत, हे मी वेगवेगळे फॉन्ट लावून पाहिले आहे. चुकीचा वाचला जाणारा आकडा हा नसलेल्या आकड्यापेक्षा वाईट. मजकूर हवाच असेल तर कर्सर ठिपक्यासह काही क्षण स्थिर राहिल्यावर शेजारी नेहमीच्या आकाराच्या अक्षरांत एक ओळ दाखवावी, आणि त्या ओळीला वर-खाली पुरेशी मोकळी जागा द्यावी.

ठिपक्यावर क्लिक करून सूचना उघडता यावी का?

नाही. क्लिक नेहमी बाणाच्या टोकाखाली जे आहे त्याचेच असते. सूचना उघडण्यासाठी कीबोर्डवरचा शॉर्टकट द्यावा आणि तो वापरणाऱ्याला बदलता यावा.

रंग ओळखण्यात अडचण असणाऱ्यांनी आणि स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांनी काय करावे?

करायचे ते त्यांनी नाही, ॲप बनवणाऱ्याने करायचे आहे. काम पूर्ण झाले तर हिरवा आणि अडले तर लाल ही जोडी सर्वांत आधी सुचते, आणि रंगांची गल्लत होणाऱ्यांमध्ये सर्वाधिक जणांची नेमकी याच दोन रंगांत होते. म्हणून फरक आकारात असावा: पूर्ण झाल्यास भरीव गोल, अडल्यास त्रिकोण. रंग असला तरी चालेल, पण अर्थ त्याच्यावर अवलंबून नसावा.

ज्यांना पडदा दिसत नाही त्यांच्यासाठी कर्सरही नाही. त्यामुळे कर्सरवरचा इशारा नेहमीच्या सूचनेच्या जोडीला असावा, तिच्या जागी कधीही नसावा. स्क्रीन रीडर जी सूचना वाचून दाखवतो ती जशीच्या तशी जात राहिली पाहिजे. हीच गोष्ट टचस्क्रीनवर काम करणाऱ्यांनाही लागू होते. बोटाने काम करताना पडद्यावर बाण नसतोच.

बैठकीत पडदा सगळ्यांना दाखवत असताना हा ठिपका इतरांना दिसेल का?

दिसू शकतो. पूर्ण पडद्यावर सादरीकरण चालू आहे का, हे विंडोजला ‘एसएचक्वेरीयूजरनोटिफिकेशनस्टेट’ या फंक्शनने विचारता येते, आणि तसे असेल तर इशारा राखून ठेवावा. विंडोज १० च्या ‘२००४’ क्रमांकाच्या (हे साल नव्हे) आवृत्तीपासून एखादी खिडकी पडद्याच्या चित्रणातून वगळण्याची सोयही आहे. ठिपक्यात मजकूर नसल्यामुळे कुणाचा खासगी निरोप उघडा पडत नाही. तरीही शिकवताना बाणावर सगळ्यांची नजर असते आणि त्या बाणाला अचानक काही चिकटले की वर्गाचे लक्ष विचलित होते.

एकामागून एक दहा सूचना आल्या तर?

एकच ठिपका दाखवावा. तो दिसून गेल्यावर पुढची काही मिनिटे नवा दाखवू नये. अडलेल्या कामाचा त्रिकोण हा एकमेव अपवाद. काय काय आले ते यादीत असतेच.

हे नीट जमले आहे का, याची परीक्षा कशी घ्यावी?

ज्याला या सोयीची कल्पना आहे पण इशारा कधी येणार हे माहीत नाही, अशा माणसाला त्याचे रोजचे काम करायला बसवावे आणि नंतर विचारावे, की काही दिसले का आणि तेव्हा तुम्ही काय करत होता. ‘टाइप करताना मध्येच दिसले’ असे उत्तर आले तर आपली वेळ चुकली आहे. ‘दिसलेच नाही’ असे आले, तर ठिपका मोठा करण्याआधी तो बाण विसावल्यानंतर येतो आहे का हे तपासावे. बहुतेक वेळा दोष तिथेच सापडतो.

त्यानंतर हाताच्या अचूकतेची परीक्षा घ्यावी. ठिपका दिसत असताना एका ओळीतले एकच अक्षर निवडून पाहावे, फाइल ओढून दुसऱ्या फोल्डरवर सोडून पाहावी, ब्राउझरच्या टॅबवरच्या फुलीवर क्लिक करावे. ठिपका नसताना जे पहिल्या प्रयत्नात जमते ते ठिपका असतानाही पहिल्याच प्रयत्नात जमले पाहिजे. भिंग चौपट करून, १५० टक्क्यांच्या पडद्यावर आणि वापरणाऱ्याने मोठा केलेला बाण ठेवून हेच पुन्हा करावे. शेवटी ठिपका पडद्यावर असतानाच टास्क मॅनेजरमधून आपला प्रोग्राम जबरदस्तीने बंद करावा, माउस हलवावा आणि बाण पूर्वी होता तसाच आहे ना हे डोळ्यांनी पाहावे.